अनवाणी अपडेट: गाडी खडबडीत डांबरापर्यंत आली

मंडळी, शहरातल्या रस्त्यांवर मुद्दाम अनवाणी चालायच्या माझ्या छंदाबद्दल मध्ये बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही होतही नव्हतं, तेच गुळगुळीत फुटपाथ, तेच अंतर. आता मात्र जुन्या डांबरावर, म्हणजे ज्यातलं डांबर झिजून वर नुसती खडी राहिलेली असते ना त्याच्यावर, तोंड वाकडं न करता चालता यायला लागलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, तळवे जाड झाले का? झालेत, चवड्याखाली आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला, पण लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं, काळेकुट्ट, दगड झालेले, भेगाळलेले तळवे, तसलं काही नाही. हात फिरवला तर वापरून मऊ पडलेल्या चामड्यासारखं लागतं. आणि संवेदना म्हणाल तर अजिबात गेलेली नाही, डोळे मिटून उभं केलंत तर खाली फरशी आहे का सिमेंट हे मी लगेच सांगेन. यावर २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता, केनियातले बरेच लोक त्यात होते, काही अनवाणी राहणारे काही बूटवाले, आणि निष्कर्ष असा की घट्टे जाड असले तरी तळव्याची स्पर्शाची जाणीव त्यामुळे कमी होत नाही. घट्टा कडक असतो म्हणून धक्का, कंपन आतल्या नसांपर्यंत नीट पोचवतो, बुटाचा गुबगुबीत सोल तेच मधल्यामध्ये खाऊन टाकतो. त्यामुळे ‘पाय बधिर होतील’ ही भीती नव्या लोकांनी काढून टाका.

माझं तर आता असं मत झालंय की कातडी हा या सगळ्यातला छोटा भाग आहे, खरा बदल चालण्यात होतो. खडबडीत रस्ता जमायला लागला तो तळवा टणक झाला म्हणून कमी आणि पाय टाकायची पद्धत बदलली म्हणून जास्त. बुटात आपण टाच आपटतो आणि पुढचं पाऊल लांब फेकतो, अनवाणी तसं दहा पावलंसुद्धा चालवत नाही, पाऊल आपोआप आखूड होतं, गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि पाय शरीराच्या जवळजवळ खालीच पडतो. टाच टेकतेच, चालताना टेकायलाच हवी, चवड्यावर नाचत चालणं हे वेगळंच खूळ आहे, पण ती आदळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय सरळ वरून खाली ठेवायचा आणि सरळ वर उचलायचा, घासायचा नाही, चवड्यावर गर्रकन वळायचं नाही. फोड येतात ते घासण्यानेच आणि काच कापते तीही बहुतेक वेळा पाय सरकला की. माझे फोड बंद झाले ते वळताना पाय उचलायची सवय लागल्यापासून.

पोटऱ्या सुरुवातीला भरून यायच्या, आता नाही. पण एक सांगतो, पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, एकाच ठिकाणी हाडावर दाबलं की दुखतंय असं झालं तर तिथेच थांबा. पावलात २६ हाडं आहेत, त्यातली मधली लांब हाडं बुटाच्या आधाराशिवाय अचानक जास्त काम पडलं की बारीक तडकू शकतात. कातडी महिन्याभरात सरावते, हाडांना आणि स्नायूबंधांना कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि गंमत अशी की कातडी जितकी लवकर सरावते तितका आपला उत्साह वाढतो आणि अंतरही. कातडी नाजूक असते तोवर तीच ब्रेक लावते, नंतर तो ब्रेक आपणच लावायचा.

आता रस्ते. पॉलिश केलेला दगड आणि लाद्या हा स्वर्ग, फक्त ओल्या असल्या की जपून, तरी अनवाणी पायाची पकड गुळगुळीत झालेल्या चपलेपेक्षा बरीच. पेव्हर ब्लॉक चांगले, पण उचकटलेल्या ब्लॉकच्या कडेला करंगळी ठेचते, आणि करंगळी ठेचली की आसपासच्या लोकांना आपला शब्दसंग्रह कळतो. अंध लोकांसाठी ज्या उंचवट्यांच्या पिवळ्या पट्ट्या असतात त्यावरून जायला मला फार आवडतं, फुकटचा मसाज, पण त्या त्यांच्यासाठी आहेत, समोरून कोणी येत असेल तर बाजूला व्हायचं. साधं काँक्रीट ठीकच. लोखंडी जाळ्या आणि गटाराची झाकणं शक्यतो ओलांडून. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आजूबाजूच्या डांबरापेक्षा गुळगुळीत लागतात आणि उन्हात स्पष्ट गार असतात, पण पावसात त्यांच्यावरून पाय सटकू शकतो. आणि सगळ्यात शेवटी ती मघाची झिजलेली खडी, तिच्यावर अंग सैल सोडलं तरच जमतं, घाबरून बोटं आखडली की प्रत्येक खडा वेगळा कळतो.

उन्हाचं गणित मात्र वेगळं आणि त्यात मर्दानगी दाखवायची नाही. हवा तिशीच्या आसपास असली तरी भर उन्हातलं काळं डांबर पन्नासच्या वर जाऊ शकतं, साठला तर काही सेकंदांत कातडी भाजते, तुमचे घट्टे कितीही भारी असोत. धातू त्याहून वाईट, कारण डांबराइतकाच तापलेला असला तरी उष्णता पायात झपकन सोडतो. मी हाताची मागची बाजू रस्त्याला लावून बघतो, सात-आठ सेकंद धरवली नाही तर पिशवीतल्या सपाता काढायच्या, विषय संपला. दुपारी सावलीची बाजू धरून चालायचं. आणि सूर्य मावळला म्हणून डांबर लगेच गार होत नाही, संध्याकाळी उशिरापर्यंत ते साठवलेली उष्णता सोडत बसतं, त्यामुळे पहाट ती पहाट.

काचेबद्दल नवे लोक सगळ्यात जास्त विचारतात. गाडीच्या बाजूच्या खिडकीची काच फुटली की तिचे बोथट चौकोनी तुकडे होतात, बघायला भयंकर पण त्यांच्यापासून तसा त्रास कमी. बाटलीची काच वाईट, त्यातही ताजी, कारण जुनीवरून गाड्या जाऊन जाऊन धार मरते. पण माझा खरा शत्रू कोण म्हणाल तर तार. ट्रकचे टायर झिजून फाटतात तेव्हा त्यातल्या केसाएवढ्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पडतात (सायकलवाल्यांना विचारा, त्यांचे पंक्चर बरेचदा यानेच होतात), त्या दिसत नाहीत आणि आत गेल्यावरही लगेच कळत नाहीत, नुसतं एका ठराविक कोनात पाय टेकला की चुर्र होतं. त्यामुळे रस्त्याच्या कडेचा जो पट्टा असतो, जिथे गाड्यांनी उडवलेला सगळा कचरा येऊन साठतो, तो मी एका ढांगेत ओलांडतो. नजर तीन-चार पावलं पुढे, पायाशी नाही.

मागच्याच आठवड्यात एक तार निघाली. आधी पाय साबणाने धुतला, पूर्ण कोरडा केला, कारण भिजलेली कातडी पांढरी फुगते आणि आतलं काही दिसत नाही. मग मोबाईलचा टॉर्च सरळ न मारता तळव्याला लागून आडवा धरला, तसा धरला की तार चमकते किंवा निदान तिच्या भोकाची सावली पडते. स्पिरिटने पुसलेल्या सुईने वरची मेलेली कातडी तेवढी उकलली, रक्त नाही काही नाही, आणि चपट्या तोंडाच्या चिमट्याने ज्या कोनात घुसली होती त्याच कोनात बाहेर ओढली. जेमतेम तीन मिलिमीटर असेल, आणि तिच्यासाठी अख्खा दिवस लंगडलो होतो! पावसाळ्यात हे जास्त होतं, भिजून मऊ झालेल्या तळव्यात सगळंच पटकन घुसतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. त्याचे जंतू मातीत, धुळीत असतात, गंजाशी थेट संबंध नाही, चकचकीत नवा खिळाही तेवढाच वाईट. दर १० वर्षांनी बूस्टर, आणि जखम खोल आणि घाणेरडी असेल व शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर लगेच डॉक्टर. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी मात्र या छंदाच्या वाटेला जाऊच नये, लागलेलं कळलंच नाही तर पुढचं सगळं अवघड होतं.

रात्रीचं काम पाच मिनिटांचं. ब्रश, साबण, पुसणं, मग टाचेला युरियावालं क्रीम. तळव्याला घामाच्या ग्रंथी भरपूर पण तेलाची एकही नाही, त्यामुळे बाहेरून काही लावलं नाही तर टाचेची कड सुकून चिरते. कड फार जाड झाली तर दगडाने थोडी घासायची, थोडीच, नाहीतर कमावलेलं सगळं परत शून्यावर.

लोकांचं विचाराल तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ज्यांच्या येतं त्यातल्या निम्म्यांना वाटतं चप्पल तुटली. एक आजी तर थांबून म्हणाल्या, ‘बाळा, माझ्याकडे जुन्या आहेत, देऊ का?’ मी म्हटलं, ‘नको आजी, मुद्दामच चालतोय’, तर म्हणाल्या, ‘मुद्दाम? बरं बाई’, आणि गेल्या. एका मॉलच्या दारात अडवलं, मी वाद घातला नाही, सपाता घातल्या आणि आत गेलो. माझं म्हणणं असं की दुसऱ्याच्या जागेत नियम त्याचा, सपाता पिशवीत ठेवायला दोनशे ग्रॅमसुद्धा लागत नाहीत. सार्वजनिक संडास, बांधकामाच्या जागा आणि सरकता जिना इथे मी स्वतःहूनच घालतो. सरकत्या जिन्याच्या शेवटच्या दातांपाशी बोटं उघडी ठेवायची माझी तरी छाती नाही, शक्य असेल तर साधा जिना.

जमिनीतून ऊर्जा मिळते वगैरे लिहिणाऱ्यांनी कृपया मला त्यात ओढू नका. आणि इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचं उदाहरणही पुरे आता. १९६० ला रोम ऑलिम्पिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, मान्य, दंडवत! पण १९६४ ला टोकियोत तोच गडी बूट घालून परत जिंकला, हे सांगायला सगळे सोयीस्कर विसरतात.

आता पुढचं म्हणजे सुटी खडी, रेल्वे रुळांच्या बाजूला असते तशी मोठी नाही, बागेतल्या वाटेवर टाकतात ती बारीक. सध्या वीस-पंचवीस पावलांनंतर दम निघतो. कोणी आधी बादलीत खडी घेऊन घरी उभं राहून सराव केलाय का? त्याचा खरंच फायदा होतो का डायरेक्ट वाटेवरच उतरावं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, आणि बादलीत घ्यायची तर कुठल्या साइझची तेही सांगा.