अमिगा ५०० वर सी कम्पायलर बसवताना

अमिगा ५०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर लॅटिस सी हा कम्पायलर (सी भाषेतला प्रोग्राम मशीनला समजेल अशा रूपात आणणारा) चालवायचं फार दिवस मनात होतं. १९८७ चं मशीन, १ मेगाबाइट मेमरी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. हार्ड डिस्क नाही, आणि एका फ्लॉपीत मावणार जेमतेम ८८० केबी.

छोटासा प्रोग्राम कम्पाइल करायला दिला, तर वर खिडकी आली: ‘प्लीज इन्सर्ट व्हॉल्यूम इन्क्लूड इन एनी ड्राइव्ह’. आता या नावाची फ्लॉपी माझ्याकडच्या संचात नव्हतीच! अमिगाडॉसमध्ये, म्हणजे अमिगाच्या सिस्टिममध्ये, फाइलच्या पत्त्यात कोलनच्या आधी ड्राइव्हचं नाव येतं, फ्लॉपीचं येतं, नाहीतर ‘असाइन’ने ठेवलेलं टोपणनाव. दिसायला तिन्ही सारखीच. ‘इन्क्लूड:’ कुठेच सापडलं नाही की सिस्टिम ती फ्लॉपीच आहे असं धरून मागत बसते. खरं तर हवं असतं ते हेडरच्या (प्रोग्राममध्ये ओढून घ्यायच्या घोषणांच्या फाइलींच्या) डिरेक्टरीचं टोपणनाव.

पाथ, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी, बघण्यात अर्थ नव्हता. ‘एलसी’ टाइप केल्यावर कम्पायलर सुरू होत होता, म्हणजे पाथचं काम झालेलं. पाथ फक्त कमांड शोधतो, हेडर नाही. नुसतं ‘असाइन’ एवढंच टाइप केलं की आत्ताची सगळी टोपणनावं समोर येतात. त्या यादीत ‘इन्क्लूड:’ही नव्हतं आणि लिंकरला (कम्पाइल झालेला प्रोग्राम आणि लायब्ररी जोडणाऱ्याला) लागणारं ‘लिब:’ही.

दोन्ही डीएफ१: म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवरून (पहिला डीएफ०:) असाइन केली, आणि खरी गंमत पुढे झाली. हेडर एका फ्लॉपीवर, लायब्ररी दुसऱ्या. डीएफ१: मधली फ्लॉपी बदलली की सिस्टिम जुनी फ्लॉपी नाव घेऊन परत मागायची. कारण असाइन ड्राइव्हला चिकटत नाही, त्या वेळी आत असलेल्या फ्लॉपीवरच्या डिरेक्टरीला चिकटतं. तीच फ्लॉपी डीएफ०: मध्ये घातली तरी चालतं. हे डोक्यात बसल्यावर लिंकरला लागणाऱ्या सी.ओ, एलसी.लिब, अमिगा.लिब या फाइली आणि लागतील तेवढीच हेडर एका फ्लॉपीवर आणली. मधल्या फाइलींसाठीचं ‘क्वाड:’ हे टोपणनाव रॅम: कडे, म्हणजे मेमरीतल्या डिस्ककडे वळवलं, त्यामुळे फ्लॉपीची घरघर बरीच कमी झाली. स्टॅक, म्हणजे चालू प्रोग्रामची कामचलाऊ मेमरी, मुळात ४००० बाइटचा असतो, तो २०००० केला.

असाइनच्या आणि स्टॅकच्या या ओळी बूट होताना आपोआप चालणाऱ्या स्टार्टअप-सिक्वेन्स फाइलमध्ये टाकल्या. मात्र माझ्याकडच्या सिस्टिमच्या १.३ आवृत्तीवर बूट होतानाच ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये हवी, नाहीतर तीच खिडकी. असाइनला ‘डिफर’ जोडून हे टाळता येतं, पण ती सोय २.० पासूनची.