बुटाखालचे २६५ मिलिमीटर

माझ्या स्की बुटाच्या टाचेजवळ, बाहेरच्या बाजूला, प्लास्टिकवर उठावात एक आकडा आहे: २६५. बूट घेताना त्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष मापावर असतं, आणि माप म्हणजे पाऊल किती सेंटीमीटर ते, माझं २२.५. हा दुसरा आकडा म्हणजे बुटाच्या तळाची पुढच्या टोकापासून टाचेपर्यंतची लांबी, मिलिमीटरमध्ये. बूट स्कीला अडकवून ठेवणाऱ्या बाइंडिंगला तुमचा पाय माहीत नसतो, त्याला फक्त हा आकडा माहीत असतो. लहान पायाच्या माणसाला तो तीन ठिकाणी आडवा येतो. दुकानात मात्र त्यातल्या एकाबद्दलच बोलतात.

मी सांगलीची, आता बरीच वर्षं म्युनिकमध्ये. नोकरी मोजमापाची आहे, त्यामुळे घरातल्या खणात चमच्यांशेजारी व्हर्नियर कॅलिपर असतो आणि नवऱ्याला थट्टेला विषय मिळतो. हिवाळ्यात शनिवारी पहाटेची गाडी पकडून आम्ही गार्मिशला जातो. बाइंडिंगच्या इतिहासात या गावाचं स्वतःचं पान आहे: हानेस मार्कर यांनी १९५२ साली इथेच आपलं सुटणारं बाइंडिंग बाजारात आणायला सुरुवात केली. त्याआधी बऱ्याच जणांचा बूट स्कीला पट्ट्यांनी आणि तारांनी जखडलेला असायचा. पडलात की स्की फिरायची, तिच्याबरोबर नडगीही फिरायची.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाइंडिंगचे दोन भाग, एक चवड्याच्या पुढे आणि एक टाचेमागे. पुढचा भाग पाय पिळला गेला की बाजूला सुटतो, मागचा भाग माणूस पुढे कोसळला की वर उघडतो. किती जोर लागल्यावर सुटायचं तो आकडा खिडकीत दिसतो. बाकी जग त्याला डिन म्हणतं, इथले लोक झेड-वर्ट म्हणतात.

दुकानात ज्याबद्दल बोलतात ते हेच. वजन, उंची, वय, तुम्ही जपून उतरता की सुसाट, आणि तळाची लांबी, यावरून तक्त्यात आकडा शोधायचा. माझं वजन ४९ ते ५७ किलोच्या ओळीत येतं आणि उंचीही १४९ ते १५७ सेंटीमीटरच्या, म्हणजे त्याच ओळीत. दोन्हींच्या ओळी वेगळ्या आल्या तर जी आधीची ती धरायची. पन्नाशी गाठली की आणखी एक ओळ वर सरकायचं, म्हणजे बाइंडिंग थोडं लवकर सुटेल. (माझ्या नवऱ्याला ही ओळ बदलल्याचं अजून पटलेलं नाही.) ओळ ठरली की आडवं जायचं, आणि तिथे बूट जितका आखूड तितका आकडा मोठा होत जातो. नडगी सारखीच, पण तरफ आखूड. मग तेवढ्याच पिळाला बुटाच्या टोकाशी जास्त बल येतं आणि स्प्रिंग त्या मानाने घट्ट लावावी लागते. म्हणून मैत्रिणीचे बूट घालून आपल्या स्कीवर चढू नये, वजन सारखं असलं तरी. आणि या सगळ्या हिशेबात वाचवलं जातं ते नडगीचं हाड. गुडघ्याच्या आतले अस्थिबंध वाचवण्याचं काम नेहमीच्या बाइंडिंगला जमत नाही. झेड-वर्ट बरोबर आहे म्हणजे गुडघा निर्धास्त, असं समजणारे खूप भेटतात.

पण मला लिहायचं आहे ते उताराबद्दल. डोंगराच्या नव्हे, बुटाखालच्या.

बाइंडिंगचा पुढचा आणि मागचा भाग बहुतेक वेळा एका पातळीत नसतात. टाच थोडी वर असते. काही मॉडेल्समध्ये हा फरक जवळपास शून्य, काहींत चार-पाच मिलिमीटर, डोंगर चढून जाणाऱ्यांच्या काही हलक्या पिन बाइंडिंग्जमध्ये तर सेंटीमीटरच्याही वर. याला डेल्टा म्हणतात. मी माझ्या स्की स्वयंपाकघरातल्या टेबलावर क्लॅम्पने दाबून सपाट केल्या, बूट अडकवले आणि स्कीच्या तळापासून बुटाच्या तळापर्यंतची उंची चवड्याखाली आणि टाचेखाली मोजली. फरक ७ मिलिमीटर. नवऱ्याचं बाइंडिंग त्याच मॉडेलचं, त्यामुळे फरकही तोच. पण त्याच्या बुटाची लांबी ३२५. सात मिलिमीटरचा चढ ३२५ वर पसरला की उतार होतो साधारण सव्वा अंश. २६५ वर दीड अंश.

पाव अंशाने काय होतंय, असं तोही म्हणाला. एकट्या पाव अंशाने काही होणार नाही. पण बुटाच्या आतही टाच उचललेलीच असते आणि बुटाची नळी पुढे झुकलेली असते, आणि हे सगळं एकावर एक चढतं. उंच टाचेच्या चपला घालून जिना उतरताना माणूस आपोआप काय करतो? मागे रेलतो. स्कीवर नेमकं तेच होतं. टाच जास्त उचलली की गुडघे पुढे ढकलले जातात, आणि तोल सावरायला शरीर गुपचूप कंबर मागे नेतं. बाहेरून दिसतं की ही बाई मागे बसून स्की करते. प्रशिक्षक ओरडतो, पुढे झुका! तुम्ही आणखी पुढे झुकता, मांड्या पेटतात, दुपारी कॅफेत बसल्यावर उठवत नाही. बुटाच्या आत बोटं आकडलेली असतात, जमीन पकडायला बघत असल्यासारखी.

उलटंही होतं, हे आवर्जून सांगते, कारण इंटरनेटवर एकदा डेल्टाचं नाव ऐकलं की लोक सगळं सपाट करायला निघतात. ज्याचा घोटा पुरेसा दुमडत नाही त्याला टाचेखाली उंची हवीच असते. ती काढून घेतलीत तर तोही मागे बसणार, वेगळ्या कारणाने.

मग तुमचा घोटा कुठल्या जातीचा? माझ्या बूटफिटरची, म्हणजे बूट पायाला बसवून देणाऱ्या माणसाची, परीक्षा सोपी आहे. तो अनवाणी उभं करतो आणि म्हणतो, टाचा न उचलता उकिडवं बसा. त्याच्या दुकानात बसायला जाणारे किती लोक धपकन मागे पडतात हे मी वाट बघताना पाहिलं आहे. मी बसले, बसूनच राहिले, आणि बसल्या बसल्या त्याला पुढचा प्रश्न विचारला. भारतीय पद्धतीच्या संडासावर आणि मागच्या अंगणात भांडी घासत वाढलेल्या पिढीला यात विशेष काय वाटणार! तो मात्र खूश झाला. "तुम्हाला या टाचेची गरजच नाही," म्हणाला. माझ्या शेजारी नवरा, सांगलीचाच, पण खुर्चीवर वीस-पंचवीस वर्षं काढलेला. त्याच्या टाचा लगेच वर. त्याला बुटाच्या आत टाचेखाली छोटी पाचर मिळाली, मला उलटा उपाय.

उपाय म्हणजे शिम. बाइंडिंगच्या पुढच्या भागाखाली ३ मिलिमीटर जाडीची कडक प्लास्टिकची पट्टी बसवायची, आणि स्क्रू ३ मिलिमीटर लांब घ्यायचे. नाहीतर स्कीच्या आत पूर्वीइतकी पकड उरत नाही. सातचे चार झाले, दीड अंशाचा उतार एक अंशाच्याही आत आला. हे घरी करण्यासारखं काम नाही. बुटाच्या तळाला काही चिकटवून पातळी बदलायचा विचार तर चुकूनही करू नये, कारण बूट आणि बाइंडिंग यांच्यामध्ये काहीही आलं की सुटण्याचा हिशेब कोलमडतो. शिम बसवून झाल्यावर दुकानातल्या यंत्रावर सुटण्याचा जोर पुन्हा मोजून घेतला, त्याचा छापील कागद मी फाइलला लावते.

फरक कळायला मला डोंगरावर एकच गोष्ट लागते. सोप्या उतारावर आडवं जाताना हलकीशी उडी मारायची. स्कीचं टोक आणि शेपूट एकदम उचललं गेलं तर तुम्ही मध्यावर आहात. माझं टोक आधी उठायचं. आता स्की सपाट उठते. मांड्या अजूनही दुखतात, पण ते वयाचं.

तिसरी जागा म्हणजे बाइंडिंग स्कीवर कुठे ठोकायचं. स्कीवर कंपनीने एक रेघ मारलेली असते, बुटाच्या मध्यावरही खूण असते, आणि दुकानदार या दोन खुणा जुळवतो. पण माणूस स्की वळवतो ती चवड्याने, बुटाच्या मध्याने नव्हे. पाय लहान तर चवडा मध्याच्या जवळ. म्हणून खुणा जुळवल्या की २८.५ मापाच्या नवऱ्याच्या तुलनेत माझा चवडा स्कीवर सेंटीमीटरभर मागे पडतो. स्की तीच, रेघ तीच, आणि आमच्यातल्या एकालाच ती वळताना हट्टी वाटते. मी सेंटीमीटरभर पुढे ठोकून घेतलं. भुसभुशीत खोल बर्फात टोक थोडं बुडतं, ते चालवून घेते, कारण मी बहुतेक वेळ पिस्टवर, म्हणजे बर्फ दाबून केलेल्या वाटेवरच असते. हा निर्णय मात्र छिद्रं पाडायच्या आधीचा आहे. जुन्या छिद्राला खेटून नवं पाडता येत नाही, मध्ये सेंटीमीटरभर तरी लाकूड शिल्लक लागतं.

डाव्या-उजव्या तोलाबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे मी पूर्णपणे बूटफिटरवर विसंबून आहे. त्याने बूट घालून मला उभं केलं आणि गुडघ्याच्या मध्यावरून चक्क ओळंबा सोडला, गवंडी सोडतात तसाच. डावा गुडघा आत पडत होता. आधी बुटाच्या आत पायाखाली नीट बसणारा सुटा तळ, मग नळीचा कल, आणि तरीही उरलं ते बुटाचा तळ तिरका तासून, आतली बाजू जाड ठेवून. तळ तासला की बुटाच्या ओठांची, म्हणजे बाइंडिंग पकडतं त्या पुढच्या-मागच्या कडांची, उंची पुन्हा प्रमाणात आणावी लागते, अल्पाइन बुटाला पुढे १९ आणि मागे ३० मिलिमीटर, नाहीतर बाइंडिंग तो बूट नीट धरणारच नाही. जो फिटर तासतो पण ही उंची पुन्हा मोजत नाही, त्याच्याकडून उठून यावं.

स्वतःच्या हाताने मी एवढंच करते: टाचेच्या भागाचा पुढचा दाब बघते. बूट अडकवल्यावर खूण ठरलेल्या पट्ट्यात आली पाहिजे. दाब कमी असेल तर बूट भलत्या वेळी निघतो, जास्त असेल तर स्कीला मोकळेपणाने वाकता येत नाही. त्यासाठी पोझिड्राइव्ह ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर लागतो. घरातला साधा फिलिप्स घातलात तर स्क्रूचं डोकं खराब होतं.

भाची या हिवाळ्यात गुलमर्गला पहिल्यांदा स्की शिकायला गेली. भाड्याच्या सामानात शिम आणि ओळंबा कुठून येणार, म्हणून तिला एवढंच कळवलं: बुटावरचा मिलिमीटरचा आकडा बघ, बाइंडिंगच्या पट्टीवर तोच लावलाय का ते बघ, मागची खूण बघ, बुटाखालचा बर्फ खरवडल्याशिवाय पाय अडकवू नकोस. आणि फॉर्मवर वजन मनातलं नको, काट्यावरचं लिही.

तिचं उत्तर आलं, "मावशी, जॅकेटसकट की जॅकेटशिवाय?"

"जॅकेटशिवाय. पण खरं."