कपाटाची पाठ

जुने कोरीव कपाट दिसले की माणसे त्याच्या दर्शनी बाजूसमोर उभी राहतात, बोटाने वेलबुट्टी गिरवतात आणि ‘काय काम आहे!’ असे म्हणतात. मी मात्र ते भिंतीपासून किती सुटले आहे हे आधी बघते. हात जाईल एवढी फट असली तर हात आत जातोच; नसली, तर एखादा खण बाहेर काढून उलटा करण्याची परवानगी मागते, आणि त्या वेळी यजमानांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची कला मला आता बऱ्यापैकी साधली आहे. पाठ, बूड आणि खणाचे पोट पाहिल्याशिवाय कपाटाशी ओळख झाली असे मला वाटतच नाही.

परवा दुपारी असेच एक कपाट समोर आले. ओकचे, माणसाहून उंच, वर दोन दारे, मध्ये दोन खण आणि खाली पुन्हा दोन दारे. माथ्याच्या पट्टीवर अर्धवर्तुळांची रांग होती, प्रत्येक अर्धवर्तुळात पसरलेली पाने होती, आणि रांगेच्या बरोबर मध्यभागी तीन अक्षरे व सतराव्या शतकातले एक साल कोरलेले होते. कपाटाचे धनी हौशी गृहस्थ. ते त्या सालावर बोट ठेवूनच बोलत होते. इंग्लंडच्या उत्तर भागात त्या काळी कपाटावर घरच्या जोडप्याची अक्षरे कोरून घेण्याची रीत होती. वर आडनावाचे अक्षर आणि खाली नवराबायकोच्या नावांची. ज्याने पटाशी चालवली त्याचे अक्षर त्यात नसते. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून कारागिराला आपल्या कामावर नावाचा शिक्का मारावा लागे, तोही सहसा सहज दिसणार नाही अशा जागी. खेड्यातल्या इंग्रज सुताराच्या वाट्याला तेवढेही आले नाही. दुसऱ्याचे नाव सुबक कोरून तो निघून गेला.

म्हणून पाठ बघायची. दर्शनी बाजू काय सांगायचे ते ठरवून सांगते, पाठीला कुणी पढवलेले नसते. या कपाटाच्या पाठीवरून तळवा फिरवला तेव्हा रंध्याने सोडलेल्या उथळ पन्हळी हाताला लागल्या, कारण न दिसणाऱ्या फळीला गुळगुळीत करण्यात वेळ घालवणे कोणत्याही शहाण्या सुताराला परवडणारे नव्हते. सांधे कुसू घालून, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवून, केलेले, त्यांतून आरपार लाकडी खिट्ट्या ठोकलेल्या, आणि त्या खिट्ट्या चौकटीच्या पातळीपेक्षा नखभर बाहेर आलेल्या. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसत राहते. चौकट वर्षानुवर्षे आत सरकते आणि खिट्टी आहे तिथेच राहते. दारातल्या फळ्या सरस न लावता खाचेत नुसत्या बसवलेल्या असतात, त्याही याच कारणाने. फळी आकसली की तिच्या कडेची, इतके दिवस खाचेत लपलेली, फिकट रंगाची एक पट्टी उघडी पडते. ती दोरीएवढी पट्टी मला अख्ख्या वेलबुट्टीपेक्षा अधिक आवडते, हे त्या गृहस्थांना सांगण्याचा धीर मात्र झाला नाही.

खालच्या एका फळीला कुणीतरी पुढे कधीतरी लोखंडी खिळे मारले होते आणि प्रत्येक खिळ्याभोवती निळसर काळे वलय पसरले होते. ओकच्या लाकडात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते. लोखंड आणि ओलावा मिळाला की ते काळे पडते. ओकवर येणाऱ्या गाठींत, म्हणजे मायफळांत, हेच टॅनिन असते आणि ती लोहाच्या क्षाराबरोबर भिजवून युरोपात कित्येक शतके शाई केली जात असे. म्हणजे या कपाटात ज्या खरेदीखतांच्या घड्या ठेवल्या गेल्या असतील, त्यांवरची अक्षरे आणि खिळ्याभोवतीचा डाग ही एकाच रसायनाची करणी.

ही खोड मला लागली मावशीच्या घरी. तिच्याकडे एक कोरीव कपाट होते आणि जुन्या दातांच्या ब्रशने त्याची धूळ काढण्याचे काम सुटीत माझ्याकडे असे. नक्षीत द्राक्षांचे घोस होते, आणि प्रत्येक मण्याच्या खाली धूळ अशी काही दडून बसे की एक घोस होईतो हात भरून येत. एका कोपऱ्यात चोच तुटलेला पक्षी होता. त्याचा डावा पाय दाराच्या चौकटीआड गेला होता आणि तो पाय कोरणाऱ्याने केलाच नव्हता. तिथे सपाट लाकूड होते. मला तो शोध फार मोठा वाटला. मग एकदा खालचा कप्पा पुसताना मी डोके आत घालून वर पाहिले, तर फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने केलेली एक बेरीज दिसली. दोन आकडे, खाली रेघ, रेघेखाली उत्तर. कसली मापे होती, की मजुरीचा हिशेब होता, कोण जाणे. मावशी म्हणाली, ‘‘अगं, बाहेर ये, डोकं आपटेल.’’ मी बेरीज पडताळून मगच बाहेर आले. उत्तर बरोबर होते.

ओकवर कोरीव काम करणे हे द्राक्षांच्या घोसाइतके लाडाचे काम नव्हे. लाकूड कठीण आणि त्याचे रेषे भरड. त्यात बारीक पाकळी उभी करायला गेले की ती टवका होऊन उडते. इंग्लंडमधला नामांकित लाकूडकोरक ग्रिनलिंग गिबन्स याने सतराव्या शतकाच्या अखेरीस फुलाफळांचे जे नाजूक हार कोरले ते मुख्यतः लिंडनच्या मऊ लाकडात. ओकच्या वाट्याला आली ती उथळ, ठसठशीत नक्षी: अर्धवर्तुळे, गुंफलेल्या साखळ्या, शंकरपाळ्यांचे चौकोन, आणि त्याआधीच्या पिढ्यांत कापडाच्या उभ्या चुण्यांची नक्कल करणाऱ्या फळ्या. झाड तोडल्यावर फार वाळू न देता, लाकडात ओल असतानाच, हे काम करून घेत. पुरते वाळलेले ओक हत्याराला दाद देत नाही. पाचर ठोकून खोडाच्या मध्यातून त्रिज्येच्या दिशेने फोडलेल्या फळीवर चंदेरी, वेड्यावाकड्या चकाकीचे पट्टे उमटतात. या कपाटाच्या दारांवर ते होते. नक्षीच्या खोलगट भागात लहान ठश्याने ठोकून ठोकून खरखरीत पोत आणला होता. त्याने पटाशीच्या खुणा लपतात आणि उठावाला सावली मिळते. दोन्ही हेतू एका ठोक्यात साधणारा माणूस मला मनापासून आवडतो.

आणि मग डाव्या दारावरच्या एका पानाशी मी अडखळले. पानाच्या पाठीवर एक सुईएवढी रुंद, वाकडीतिकडी पन्हळ होती, वरून उघडी. लाकडातला भुंगेरा असा वागत नाही. त्याची अळी आतल्या आत, रेष्यांच्या दिशेने, तीन-चार वर्षे पोखरत राहते आणि शेवटी भुंगेरा एक-दोन मिलिमीटरचे गोल भोक पाडून बाहेर पडतो. पृष्ठभागावर दिसायचे ते भोक, बोगदा नव्हे. बोगदाच उघडा पडला असेल, तर लाकूड आधी पोखरले गेले आणि पटाशी नंतर चालली. म्हणजे कपाट जुने, त्याच्या खिट्ट्या जुन्या, पाठ जुनी. पण हे पान मागाहूनचे, आणि त्याच हाताने कोरलेले दिसणारे ते सालही बहुधा मागाहूनचेच.

यात नवल काही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या ओकचे वेड लागले, तेव्हा साध्या पेट्या आणि कपाटे नक्षी कोरून ‘अधिक जुनी’ करण्याचा धंदा जोरात चालला. लंडनची वॉर्डर स्ट्रीट तर या बनावट पुरातनपणासाठी इतकी प्रसिद्ध झाली की उसन्या जुनाट शब्दांनी सजवलेल्या इंग्रजीलाही तिचेच नाव पडले. ताजे ओक मधाच्या रंगाचे असते, पण गिऱ्हाइकाला जुने ओक काळेच हवे असे, मग ते काळे करून दिले जाई. मला या दुसऱ्या कोरणाऱ्याचा राग येत नाही. वाळून दगड झालेल्या ओकवर त्याने पटाशी चालवली, म्हणजे पहिल्यापेक्षा त्याचे मनगट अधिक दुखले असणार. शिवाय अनेक देशांच्या सीमाशुल्काच्या नियमांत शंभर वर्षे उलटली की वस्तू पुरातन ठरते, त्यामुळे त्याची लबाडीसुद्धा आता रीतसर पुरातन झाली आहे.

मी खण बाहेर काढला तो उलटा करण्यासाठी, पण त्यात कापसावर मांडलेले शंखशिंपले होते आणि काहींच्या पाठीवर पांढरी भुकटी धरली होती. ते पाहून मी खणाचे पोट विसरलेच. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते आणि बंद खणात ती शंखांचा चुना खाते. बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने या रोगाविषयी १८९९ साली लिहिले. त्याचा संशय वेगळ्याच आम्लावर होता, खरा गुन्हेगार कपाटाचे लाकूड हे पुढे कळले. शिशाची जुनी पदके आणि मोहराही ओकच्या खणात अशाच पांढऱ्या पडतात.

‘‘हे शंख आजच्या आज इथून हलवा, कागदी पेटीत ठेवले तरी तीही आम्लमुक्त कागदाची बघा,’’ मी म्हणाले. बोलता बोलता उघड्या बोगद्याविषयीही सांगून टाकले. गृहस्थांनी दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकल्या, शंख एकेक करून टेबलावर काढून ठेवले, हात पुसले, आणि विचारले, ‘‘ते सगळं ठीक आहे हो, पण साल तर खरं आहे ना?’’