स्वॅब पुरत नाही, तुकडा पाठवा

जळिताच्या वॉर्डातून आमच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये रोज स्वॅब येतात. रिपोर्टही बहुतेक ठरलेले: स्यूडोमोनास, क्लेबसिएला हे जिवाणू, अधूनमधून कॅन्डिडा ही बुरशी. या रुग्णाचेही तसेच गेले. ४५ टक्के भाजलेला, तिसरा आठवडा, अँटिबायोटिक बदलत गेले तरी ताप हटेना. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी कोपराखालचा काळा पडत चाललेला डाग दोनदा दाखवला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही, याचा मला अजून राग येतो.

स्वॅब जखमेचा वरचा थर पुसून येतो. बुरशी खालच्या जिवंत मांसात शिरली आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जखमेच्या कडेचा, जिवंत भागासकट तुकडा लागतो. मी तो मागितला, तर आला फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे मांस टिकवणाऱ्या द्रावणात! पॅथॉलॉजीला तो चालतो. कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून ओळखण्यासाठी, वाया, कारण फॉर्मॅलिनने बुरशी मरते. दुसरा सलाइनमध्ये मागवला आणि ब्लेडने बारीक कापला. खलात घोटायचा नसतो. शंका म्युकर या बुरशीची होती, आणि तिचे तंतू इतके नाजूक की घोटले तर कल्चरमध्ये बहुतेकदा काही उगवतच नाही. स्लाइडवर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकलं, मांस विरघळू दिलं. मायक्रोस्कोपखाली रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे तंतू, काटकोनात फुटलेले. ॲस्परजिलस असता तर तंतू अरुंद, पडदे असलेले आणि फाटे लघुकोनात दिसले असते. ही म्युकरची जमात होती, २०२१ मध्ये कोविडनंतर ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेली.

कल्चरची वाट न पाहता सर्जनना फोन केला. कॅन्डिडाच्या रिपोर्टवरून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू होतं. म्युकरवर त्याचा काही उपयोग नाही. म्युकरवर चालणारं अँफोटेरिसिन सुरू झालं आणि संध्याकाळी रुग्णाला टेबलावर घेतलं. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडतो, मेलेल्या भागात औषध पोचत नाही, म्हणून कापणं भागच असतं. थिएटरमधून कडेचे तुकडे येत राहिले. पॅथॉलॉजीच्या मॅडम फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच केलेले पातळ काप) बघत होत्या, शेजारी मी केओएच. फोनवर दर वेळी एकच प्रश्न, “इथे आहे का?” आम्ही “आहे” म्हटलं की कापायची जागा आणखी वर सरकायची. तंतू दिसायचे थांबले ते कोपराच्या वर.

रुग्ण वाचला, हात गेला. सिस्टरांनी पहिल्यांदा डाग दाखवला त्याच दिवशी तुकडा घेतला असता तर कुठवर कापावं लागलं असतं, याचा विचार मनातून जात नाही. स्यूडोमोनास खराच होता, आणि तापाचं कारण सापडलं असं समजून सगळे तिथेच थांबले.

आता फॉर्मवर भाजलेला रुग्ण, न उतरणारा ताप आणि रंग बदलणारी जखम दिसली की मी स्वॅब लावते आणि लगेच वॉर्डला फोन करते. तुकडा दोन बाटल्यांत हवा, एक सलाइनची, एक फॉर्मॅलिनची. रेसिडेंट कुरकुरतात, पण पाठवतात.