आजीचं पॉप आर्ट आणि प्रिंटवाल्याचं ‘संध्याकाळी या’

आधीच सांगून ठेवतो, फोटोचं पॉप आर्ट, म्हणजे एकच चेहरा भडक सपाट रंगांत चार चौकोनात, करणं अवघड नाही, ते कागदावर उतरवणं अवघड आहे. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ स्क्रीनवर चार रंगीत चौकोन दिसले की संपतात, आणि खरा ताप तिथनंच पुढं सुरू होतो, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे लिहितोय, अजून डोकं शांत झालेलं नाही ते वेगळंच.

झालं असं की मावसभावानं कोल्हापुरात राजारामपुरीत छोटासा कॅफे काढला आणि त्याला भिंतीवर आजी पाहिजे होती. पण साधा फोटो फ्रेम करून लावला तर येणारा जाणारा हात जोडणार, आणि आजी तर अजून रोज सकाळी भाकऱ्या थापते. मग त्यानंच टूम काढली, दादा ते चार चौकोनवालं रंगीबेरंगी करूया की. करूया म्हटलं. माझ्याकडं गिम्प आहे, फुकटचं सॉफ्टवेअर, फोटोशॉपचं भाडं कोण भरणार.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवला तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नुसता पाठवला की तो दाबून बारका होतो. आमच्या आजीचा फोटो मावशीच्या मोबाईलमधला, अंगणात काढलेला, एका बाजूनं ऊन. असाच फोटो पाहिजे, एका बाजूला उजेड दुसऱ्या बाजूला सावली. समोरून फ्लॅश मारलेला घेतला तर चेहरा पापडासारखा सपाट येतो.

मेन पायरी म्हणजे थ्रेशोल्ड. कलर्सच्या मेनूत आहे. फोटोतला प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा नाहीतर पूर्ण पांढरा, मधलं काही नाही, आणि ती सीमारेषा कुठं आखायची ते ० ते २५५ मधल्या स्लायडरनं ठरवायचं. वाचायला सोपं आहे. पण म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असला की प्रत्येक सुरकुतीचा काळा डाग होतो, आजी अशी दिसायला लागली की आईनं बघून विचारलं, हिला काय झालंय? त्यावर उपाय म्हणजे थ्रेशोल्डच्या आधी थोडा ब्लर मारायचा, बारक्या सुरकुत्या जातात, मोठ्या राहतात, आणि मोठ्या राहिल्याच पाहिजेत नाहीतर ती आजी कसली. दुसरं म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला एकच आकडा चालत नाही. लेयरच्या, म्हणजे फोटोच्या थराच्या, दोन कॉप्या करायच्या, एकीत चष्मा आणि डोळे नीट दिसतील असा आकडा, दुसरीत नाक-हनुवटी नीट दिसेल असा, आणि लेयर मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, पाहिजे तेवढाच भाग ठेवायचा. केस पांढरे असल्यामुळं डोकंच गायब झालं होतं, ते लॅसोनं हातानं कापून खाली रंग भरला. काळ्याचा लेयर वर, मोड मल्टिप्लाय (म्हणजे पांढऱ्यातनं खालचा रंग दिसतो), खाली सपाट रंग. झालं. केस पिवळे, चेहरा गुलाबी, लुगडं पोपटी, पाठीमागं झगझगीत निळा. कुंकू मात्र चारी चौकोनात लालच ठेवलं, तिथं आई ऐकत नाही.

एका संध्याकाळचं काम. भाऊ बघून म्हणाला, नाद खुळा!

आता प्रिंट.

दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवर पेनड्राइव्ह दिला, १२ बाय १८, ३०० जीएसएमचं म्हणजे चांगलं जाड आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. फाईल ३६०० बाय ५४०० पिक्सेलची होती, म्हणजे इंचाला ३००, त्यात काही खोट नव्हती. पैसे आधी. संध्याकाळी या. संध्याकाळी गेलो तर ऑपरेटर जेवायला गेलेला, संध्याकाळी कसलं जेवण ते विचारू नका. उद्या या. उद्या गेलो तर लाईट नव्हती. मग एकदाचा कागद हातात आला आणि मी आधी म्हटलं हा दुसऱ्याचा असणार. गुलाबी रंग औषधाच्या गोळीसारखा, पोपटीचं झालेलं शेवाळ, आणि झगझगीत निळा चक्क जांभळा. कुंकू तेवढं बरं.

मी म्हटलं मालक हे काय? त्यानं मान वर न करता सांगितलं, “स्क्रीनवर दिसतंय तसं छापून येत नसतंय ओ.”

आता हे खोटं नाही, तीच तर चीड आहे. स्क्रीन रंग तयार करते लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून, आणि मशीन छापते निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून. उजेडाचा जो भडक निळा किंवा भडक पोपटी असतो तो त्या चार शाया कशाही मिसळल्या तरी निघतच नाही, मग मशीन त्यातल्या त्यात जवळचा रंग उचलतं. निळ्याचा जांभळा होणं तर ठरलेलं. पण मग दादा, रोज शंभर फाईली तुझ्या हाताखालनं जातात, माझी फाईल उघडल्या उघडल्या तुला दिसलं असणार की ह्यातले निम्मे रंग मरणार आहेत. पैसे घ्यायच्या आधी एक वाक्य बोलायला काय जातं? आधी छोट्या कागदावर एक नमुना काढून दाखव म्हटलं तर म्हणाला तसा नमुना आम्ही काढत नाही. दुसऱ्या कागदावर काढून बघूया म्हटलं तर परत पैसे. आणि परत संध्याकाळी या! भावाच्या कॅफेच्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या, आणि मी इथं बाकावर बसून दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरचं कटिंग बघतोय, त्यात फोटोतला पोरगा गॉगल लावून माझ्याकडंच बघून हसतोय.

तुम्हाला डिजिटल प्रिंटच काढायची असेल तर हे करा. रंग निवडताना स्क्रीनकडं बघून निवडूच नका, शाईकडनं सुरुवात करा. नुसता पिवळा, नुसता मॅजेंटा, नुसता सायन, आणि मॅजेंटा-पिवळा मिळून लाल, हे रंग कागदावर स्वच्छ उतरतात कारण त्यात शायांची खिचडी नसते. गिम्पमध्ये व्ह्यू मेनूत कलर मॅनेजमेंटच्या खाली प्रूफ कलर्स आहे, सीएमवायकेचं, म्हणजे त्या चार शायांचं, प्रोफाईल निवडून ते चालू केलं की कागदावर साधारण काय येईल ते घरबसल्या दिसतं. हे दुकानात कोणी सांगत नाही, मी रात्री जागून शोधलं.

पण भावाला झगझगीतच पाहिजे होतं, आणि खरं म्हणजे मलाही.

मार्ग निघाला तो गंगावेशीकडच्या एका बोळातनं. तिथं एक काका लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या स्क्रीन प्रिंटिंगनं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतनं शाई दाबून, छापतात. त्यांना मोबाईलवर आजी दाखवली तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “रंगाचं तुमचं तुम्ही बघा, मला नुसतं काळं द्या.” आणि डोक्यात उजेड पडला. पॉप आर्टवाला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल, त्यानं १९६२ मध्ये हॉलिवूडच्या मर्लिन मन्रोच्या चेहऱ्याची ती चित्रं केली ती अशीच, सिल्कस्क्रीननं! सपाट रंग आधी, त्यावर जाळीतनं काळा चेहरा. एका चित्रात तर पन्नास मर्लिन आहेत, निम्म्या रंगीत, निम्म्या काळ्या-पांढऱ्या. आपण कॉम्प्युटरवर जी नक्कल करत बसतो तिचं मूळ म्हणजे ह्या बोळातलं रोजचं काम.

मग थ्रेशोल्डवालं काळं तेवढं ११ इंची चौकोनात, ए३ ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून काकांना दिलं, त्यावरनं त्यांनी जाळीची फ्रेम बनवली. जाळीवर करड्या छटा उमटत नाहीत, शाई एकतर पडते नाहीतर नाही, त्यामुळं थ्रेशोल्ड इथं फिट्ट बसतो. छटा पाहिजेच असतील तर फिल्टर्समध्ये डिस्टॉर्ट्सच्या खाली न्यूजप्रिंट आहे, तो छटेचे बारके-मोठे ठिपके करून देतो. चार कार्डांवर फ्लुरोसंट ॲक्रिलिक आम्ही घरीच मारले, केसांचा पिवळा, चेहऱ्याचा गुलाबी, बाहेरची रेघ अंदाजानं. काकांनी फ्रेम ठेवली, शाई ओतली, रबराची पट्टी एकदा खाली ओढली आणि फ्रेम उचलली तर खाली आजी. चष्म्याच्या दांडीसकट. एका कार्डावर काळं थोडं सरकलं, कुंकू भुवईला टेकलंय, भावाला तेच सगळ्यात आवडलं.

हे काका पण वेळ लावतात हं, पावसात शाई लवकर वाळत नाही म्हणून कार्डं दोरीला लटकवून ठेवली होती. पण येताना फोन करा म्हणाले आणि फोन केल्यावर खरंच तयार होतं. एकच कार्ड छापायचं असलं तरी पैसे पूर्ण फ्रेमचे पडतात, घासाघीस करू नका, त्यात मेहनत आहे. त्याच फ्रेमवर नंतर भावानं कॅफेच्या पिशव्या पण छापून घेतल्या.

एक राहिलंच. फ्लुरोसंट रंग उन्हानं उडतात, लवकर उडतात. भावाला बजावून सांगितलं होतं खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नको, त्यानं तिथंच लावलंय. काकांना सांगून फ्रेम धुवून त्यावरची आजी पुसायची नाही असं ठरवलंय, परत लागणार आहे.