आमची वाटचाल: वाऱ्याचा हिशेब

जहाज बंदरात सुखरूप आत-बाहेर करू शकेल का, हे संगणकावर चालवून तपासायचं, हे आमचं काम. सुरुवात दोघांनी केली. मी जहाजांची गणितं मांडायचो, भागीदार पडद्यावर बंदर उभं करायचा. पहिली काही वर्षं मालवाहू जहाजांच्या कामांवर निघाली, त्यामुळे पहिलं क्रूझ जहाज हाती आलं तेव्हाही आम्ही सवयीने पाण्याची खोलीच धरून बसलो. तिथेच फसलो. साडेतीनशे मीटरपेक्षा लांब असलेलं हे धूड पाण्याखाली जेमतेम नऊ-सव्वानऊ मीटर असतं. पाण्यावर मात्र टोलेजंग भिंत. सगळा खेळ वाऱ्याचा.

संगणकाने आपल्या आपण बंदरात शिरायच्या ढीगभर फेऱ्या मारल्या, सगळ्या सुखरूप. मग एक निवृत्त पायलट, म्हणजे बंदरात जहाजांना वाट दाखवणारे जाणकार, सिम्युलेटरच्या ब्रिजवर (जहाज चालवायच्या नकली कक्षात) उभे राहिले. दहाव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.

"अहो, वारा सगळीकडे सारखाच कसा?"

ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, आत शिरताना नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आडोशाला येते, मागचा भाग अजून वाऱ्यातच असतो. वारा तो मागचा भाग ढकलतो आणि नाळ वाऱ्याकडे फिरते. आम्ही बंदरभर एकच वारा पसरून मोकळे झालो होतो! पुढचे दोन महिने आडोशांचा नकाशा करण्यात गेले. बिल अर्थात ठरलं होतं तेवढंच.

360 मीटर लांब, 47 मीटर रुंद जहाज आडव्या वाऱ्यात 10 अंश तिरकं चाललं, तर त्याला सुमारे 109 मीटर रुंद वाट लागते. हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. जहाजाच्या आकृत्या एकावर एक छापलेला नकाशा टेबलावर पसरला की खोली गप्प होते. वाऱ्याचंही तसंच. तो 20 नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 30 वर गेला की जोर सव्वादोन पट होतो, थ्रस्टर, म्हणजे जहाजाला आडवं ढकलणारे पंखे, मात्र आहेत तेवढेच.

एका ग्राहकाला जहाज आत घ्यायची वाऱ्याची मर्यादा 25 नॉट हवी होती. आमच्या फेऱ्या 20 च्या पुढे जाऊ देत नव्हत्या. अहवाल आम्ही बदलला नाही, उरलेले पैसे त्याने दिले नाहीत. ते वर्ष अवघड गेलं, पगार उशिरा झाले.

आता आम्ही सातजण आहोत. तेच पायलट अजूनही प्रत्येक मॉडेलची पहिली फेरी घेतात. मागच्या कामात त्यांचा हात चौथ्याच मिनिटाला वर गेला: टगचा (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटीचा) दोर बांधायला लागणारा वेळ आम्ही धरलाच नव्हता.