पावसाची सावली

गेल्या आठवड्यात एका मासिकासाठी पावसावर लेख लिहायला घेतला होता, पहिलंच वाक्य, ‘सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पर्जन्यमान लक्षणीयरीत्या घटते’. मला आवडलं होतं ते. तेवढ्यात साडेचार वर्षांची लेक मांडीवर येऊन बसली, वाचून दाखव म्हणाली, मी वाचलं, अर्थही सांगितला, तर म्हणते, "आई, पावसाची पण सावली पडते?"

आम्ही वाईला राहतो. जुलैत महाबळेश्वरला निघालं की पसरणी घाटात नुसती भुरभुर असते आणि पाचगणी मागे पडली की वायपर फुल स्पीडला. तिकडे वर्षाला ५,५०० मिमीच्या वर पाऊस, आमच्याकडे १,००० सुद्धा नाही, मधे अंतर जेमतेम ३०-३२ किलोमीटर. हे तिने गाडीतून बघितलंय, म्हणून मी म्हटलं, डोंगर सगळं पाणी पिऊन टाकतो ना, मग आपल्याला कमी उरतं.

"मग त्याचं पोट फुटत नाही?"

मी गप्पच. कारण मी तिला चक्क खोटं सांगितलं होतं, फक्त छोट्या शब्दांत.

मग लॅपटॉप बंद करून तिला किचनमध्ये नेलं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून दाखवलं, आतून सगळे थेंब. म्हटलं, समुद्रावरून ओला वारा येतो, डोंगर आडवा आला की वर चढतो, वर गार असतं, मग असे थेंब होतात आणि पडतात. हे तिला पटलं. मग विचारते, "आणि डोंगर उतरल्यावर?" इथे मी अडकले, खरंच अडकले, कारण या अर्ध्या भागाचा मी कधी विचारच केला नव्हता, ‘लक्षणीयरीत्या’ लिहून पुढे गेले होते. रात्री ती झोपल्यावर वाचत बसले. वारा उतरताना पुन्हा गरम होतो, आणि गरम हवेत ढग विरतात.

"विरतात म्हणजे?" सकाळी पुढचा प्रश्न. चहाच्या कपावरची वाफ दाखवली, वर जाता जाता दिसेनाशी होते ती. तिने फुंकर मारून बघितली, तीन-चारदा.

लेख परवा पाठवला. सुरुवात आता पातेल्याच्या झाकणापासून आहे. पर्जन्यछाया हा शब्द ठेवलाय, सुंदरच आहे तो, पण चौथ्या परिच्छेदात, ढग विरून गेल्यानंतर.